गरम पाण्याचा नळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडं गरम पाण्याला फार काळ नळ नव्हताच. पाणी तापायचं तिथंच माणूस अंघोळीला बसायचा. न्हाणीत चूल, चुलीवर हंडा, शेजारी घंगाळ, आणि ज्याच्या घरी चार पैसे असतील त्याच्याकडं तांब्याचा बंब. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी आणि बाहेर एक तोटी. तोटीखाली बादली लावली की झालं. गरम पाण्याचा सगळा प्रवास वीतभर. हिवाळ्यात पहाटे मशिदीच्या वजूखान्यात ठेवलेला बंबही असाच.

थंड पाण्याचं तसं नाही. आमची आष्टी ही बीडची नव्हे, वर्ध्याचीही नव्हे. जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातली. जालन्याचा मोती तलाव तुम्ही पाहिला असेल. तो जमशेदखानानं बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. मलिक अंबरानं 1610 साली खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर-ए-अंबरी त्यानंतर काही वर्षांतच झाली. पाणचक्कीचं पाणीही खापरी नळांतूनच यायचं.

खापराचा एक गुण आणि एक अवगुण ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. खापर भट्टीतून भाजून निघालेलं असतं. उकळत्या पाण्यानं त्याचं काय बिघडणार? पण दाब त्याला सोसत नाही. म्हणून जुन्या नहरींवर मध्येमध्ये उंच मनोरे उभे केलेले दिसतात. पाणी तिथं वर चढतं, दाब आणि अडकलेली हवा मोकळी होते, मग पाणी पुढं जातं.

याच खापराच्या भरवशावर हमाम उभे राहिले. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानानं 1607-08च्या सुमारास हमाम बांधला. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं, तरी खानदेशाचं ते जुनं राजधानीचं शहर. अशा हमामांत एका बाजूला भट्टी, तिच्यावर मोठी देग, आणि तिथून निघालेलं गरम पाणी भिंतीत चुन्यानं पक्क्या केलेल्या खापरी नळांतून आत. इथं गरम पाणी खऱ्या अर्थानं चालू लागलं. पण ते बादशहाच्या आणि सरदारांच्या घरी. रयतेचा हंडा चुलीवरच राहिला.

मग लोखंडी नळ आला. त्याला उष्णताही सोसते आणि दाबही. पण तो गंजतो, जस्ताचा मुलामा गरम पाण्यात लवकर दम सोडतो, आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत बसत बसत नळाचं तोंड बोटाएवढं होतं. तांबं त्याहून चांगलं, पण तांब्याचा भाव विचारून माणूस दुकानातून परत फिरतो.

अशा वेळी प्लॅस्टिक आलं. पीव्हीसी लवचीक करण्याची युक्ती अमेरिकेत वॉल्डो सेमन यांना 1926 साली सापडली. कडक पीव्हीसीचे नळ 1930च्या दशकात जर्मनीत बसू लागले. आमच्या भागात हा नळ पोहोचला तो विहिरीवरून शेतात. हलका, स्वस्त, न गंजणारा. खांद्यावर टाकून एक माणूस नेतो. मराठवाड्यातल्या कोरडवाहू माणसाला या नळानं काय दिलं, हे मी सांगायला नको. शेतात उरलेला तुकडा मग घरी आला, गच्चीवर चढला. आणि गडबड तिथं झाली.

कारण पीव्हीसीची गोष्ट खापराच्या अगदी उलटी. दाब तो छान सोसतो, पण गार असेपर्यंत. साधारण 80 अंशांच्या आसपास तो कडकपणाच सोडून देतो, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची ताकद उतरू लागते. थंड पाण्याच्या पीव्हीसी नळाची मर्यादा 45 अंशांच्या घरातच धरतात. आता आमच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या काचेच्या नळ्यांचा सोलर बघा. मे महिन्यात घरात गरम पाणी कुणाला लागत नाही. पाणी टाकीत पडून राहतं, दिवसामागून दिवस तापतं आणि उकळीला टेकतं. म्हणजे नळाची खरी परीक्षा हिवाळ्यात नसते, उन्हाळ्यात असते.

आमच्या गल्लीतल्या एका घरी सोलरच्या टाकीला शेतातलाच करडा नळ जोडलेला होता. हिवाळा नीट गेला. वैशाखात त्या नळाला कंबर मोडल्यासारखा बाक आला. एका सकाळी घरातली म्हातारी गच्चीवर कुरडया घालत होती आणि कोपऱ्यावरचा सांधा निसटला. पाणी तिच्या पायावर आलं. महिनाभर पट्टी बांधून होती बिचारी. ‘पाण्यानं भाजतं हे ठाऊक होतं गं, पण नळानं भाजतं हे नव्हतं ठाऊक,’ असं ती सुनेला म्हणाली. नळ जोडणाऱ्याला दोष द्यायला सगळे तयार होते. पण त्याच्या हातात दुकानदारानं जे दिलं, ते त्यानं जोडलं.

यावरचा उपाय तोवर जगात जुना झालेला होता. पीव्हीसीतच आणखी क्लोरीन घालायचं. साध्या पीव्हीसीत ते वजनाच्या जेमतेम 57 टक्के असतं, ते 63-67 टक्क्यांपर्यंत न्यायचं. याला सीपीव्हीसी म्हणतात. त्याचे नळ अमेरिकेत 1960च्या आसपास बाजारात आले. आपल्याकडं ते विसाव्या शतकाच्या अखेरीस आले आणि त्यांचं भारतीय मानक, आयएस 15778, 2007 साली निघालं. फिकट पिवळसर रंगाचा हा नळ आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण त्यालाही अमरपट्टा मिळालेला नाही. घरगुती जाडीचा जो नळ 23 अंशांना चौरस सेंटिमीटरला 28 किलो दाब सोसतो, तोच 82 अंशांना फक्त 7 किलो सोसतो. शिवाय तो लांबतो. दहा मीटरचा नळ 50 अंशांनी तापला की तीन सेंटिमीटरहून जास्त वाढतो. लोखंड तेवढ्यात अर्धा-पाऊण सेंटिमीटर वाढेल. भिंतीत करकचून आवळलेला नळ मग सांध्यात तुटतो. त्याला हलायला जागा लागते, आणि सांध्याला त्याचाच डिंक लागतो, साध्या पीव्हीसीचा नव्हे.

थंड मुलखात तर पूर्ण घरच गरम पाण्याच्या नळांनी उबदार ठेवतात. तिथं थॉमस एंगेल या जर्मन माणसानं 1968 साली पॉलिथिनचे रेणू एकमेकांत गुंफून उष्णता सोसणारी नळी केली. जमिनीखाली तिची वेटोळी टाकली गेली. काही वर्षांनी लोखंडी बॉयलरांत काळा गाळ निघू लागला. नळी तर कुठं गळत नव्हती! शोधल्यावर कळलं, पाणी बाहेर जात नव्हतं, हवेतला प्राणवायू नळीच्या भिंतीतून आत झिरपत होता आणि लोखंड गंजवत होता. मग नळीवर प्राणवायू अडवणारा पातळ थर आला. कवितेत कुणी अशी कल्पना केली असती, तर मी ती अतिशयोक्ती म्हणून खोडली असती.

अमेरिकेला अधिक महाग धडा मिळाला. 1978पासून लाखो घरांत पॉलिब्युटिलीनचे नळ बसले. पाण्यातल्या क्लोरीननं नळ आणि सांधे चिरू लागले. 1995 साली कंपन्यांनी सुमारे 95 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

म्हणून आता नळाचं आयुष्य आधीच वाटून देतात. जास्त तापमानाच्या उष्णजल व्यवस्थेसाठी आंतरराष्ट्रीय मानकात 50 वर्षांचा हिशेब असा: 20 अंशांना 14 वर्षं, 60 अंशांना 25, 80 अंशांना 10 आणि 90 अंशांना फक्त 1 वर्ष. शंभर अंशांची मुभा साऱ्या जन्मात मिळून 100 तास. आमच्या गच्चीवरचा एक मे महिना त्यातले किती तास खाईल, हे ज्याचं त्यानं मोजावं. जाणता कारागीर सोलरच्या टाकीपासूनचा पहिला तुकडा धातूचाच ठेवतो आणि वाफेला वर मोकळी वाट देतो. नहरीवरचा मनोरा तरी दुसरं काय करत होता?

आष्टीच्या बाजारात परवा एका दुकानात उभा होतो. एक शेतकरी आला, म्हणाला, ‘शेठ, पाऊण इंची नळ द्या दोन.’ दुकानदारानं वर न बघताच विचारलं, ‘थंडाचा का गरमाचा?’