क्रिस्तपुराणाच्या पोथ्या आणि श्रीरंगपट्टणचा बंदिवास

चांदा प्रांतीं चिमुराकडे पोथ्यांचे रुमाल सोडून पाहण्याचा ज्यांस परिपाठ आहे, त्यांस हें सांगावयास नको कीं, जिचीं पानें कडांशीं झिजलेलीं व तेलाच्या डागांनीं भरलेलीं असतात ती पोथी पाठशुद्धींत उणी ठरली तरी इतिहासास अधिक उपयोगी पडते. कोणी तरी अडल्या दिवसांत ती वारंवार उघडली होती, हें तीं पानेंच सांगतात. अशाच एका ग्रंथाचा वृत्तांत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. ग्रंथ मराठी आहे, ओवीबद्ध आहे. परंतु त्याच्या बहुतेक प्रती रोमन लिपींत असल्यामुळें आमच्या संग्राहकांचें लक्ष तिकडे जावें तितकें गेलें नाहीं.

ग्रंथकार फादर थॉमस स्टीफन्स हा जातीनें इंग्रज, जन्म इ. स. १५४९. इ. स. १५७५ त तो रोम येथें जेझुइट संघांत शिरला, ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला, आणि १६१९ त मृत्यु येईपर्यंत गोव्यांतच, बहुतेक साष्टी प्रांतांत, राहिला. नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं रिझविणारें व धीर देणारें असें दुसरें कांहीं आलें नव्हतें. ही उणीव श्रोत्यांनींच बोलून दाखविल्याचें ग्रंथारंभीं आलें आहे. क्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें रोमन टंकांत छापलें गेलें. त्याच्या पहिल्या भागांत ३६ व दुसऱ्यांत ५९ ‘अवस्वरु’ म्हणजे अध्याय असून ओव्या सुमारें ११ हजार आहेत. पुढें १६४९ व १६५४ त आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ राहिला तो हातानें नकललेल्या पोथ्यांमुळें.

याचीं कारणें उघड आहेत. १६७४ नंतर गोव्यांतील मुद्रण थांबलें, तें १८२१ पर्यंत पुन्हां सुरू झालें नाहीं. १६८४ त व्हाइसरॉयनें देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्मान काढिलें. १५६० पासून चालू असलेल्या इन्क्विझिशनचा जाच, लढाया व करांचा बोजा यांस कंटाळून अनेक ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा प्रांतांत उतरलीं. त्यांच्या सामानाबरोबर हें पुराणही गेलें.

तेथेंच त्याची खरी परीक्षा झाली. इंग्रजांस साह्य केल्याचा संशय धरून टिपू सुलतानानें ता. २४ फेब्रुवारी १७८४ पासून कानड्यांतील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. देवळें पाडलीं, पाद्री गोव्याकडे हांकून दिले, तरुणांस बळेंच मुसलमान करून फौजेंत घातलें. बंद्यांची संख्या कोणी ६० हजार, कोणी त्याहून बरीच कमी सांगतात. वाटेंत व कैदेंत पुष्कळ मेले यांत संशय नाहीं. याच सुलतानानें शृंगेरी मठास साह्य केल्याचीं पत्रें आहेत. तेव्हां या कृत्याचा उलगडा केवळ धर्मद्वेषानें होत नाहीं, राजकारणही पाहावें लागतें. पण बंद्यांचें दुःख त्यानें हलकें होत नाहीं.

पाद्री नाहींत, देऊळ नाहीं, संस्कार नाहींत, अशा पंधरा वर्षांत या पुराणाच्या पठनानें लोकांची श्रद्धा टिकली, असें कानड्यांतील ख्रिस्ती परंपरा सांगते. परंपरा म्हणजे दप्तर नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि ग्रंथाचा विषय तिला पोषक आहे. पहिल्या भागांत जुन्या कराराच्या कथा आहेत. मिसर देशांतील दास्य व बाबिलोनचा बंदिवास यांतून एक लोकसमूह सुटून आल्याचें वर्तमान त्यांत आहे. दुसऱ्यांत ख्रिस्ताचें दुःखसहन व पुनरुत्थान आहे. परमुलुखांत अडकलेल्या माणसास आपलीच कथा, आणि तिचा शेवट चांगला, असा आपल्या ओळखीच्या ओवींत ऐकावयास मिळाला, तर ‘आम्हीही सुटूं’ ही आशा त्यास कां वाटूं नये? ओवी मुखोद्गत होते, हाही तिचा गुण. पोथी हिरावून घेतां येते. पाठ असलेली ओवी नाहीं.

ता. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें व उरलेले लोक परतले. पुढें १९०७ त जोसेफ सल्ढाणा यांनीं मंगळुरास हस्तलिखितें ताडून रोमन लिपींत आवृत्ति काढिली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी प्रत असल्याचें जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ त जाहीर केलें. १९५६ त शांताराम बंडेलू यांनीं ग्रंथ नागरींत आणिला.

आमची विनंति एवढीच. लिपी परकी म्हणून पोथी परकी मानूं नये. ख्रिस्ती घराच्या माळ्यावर रोमन अक्षरांचें जुनें बाड आढळल्यास रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांतील दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. कानास ओवी लागली, तर तें बाड आपलें आहे असें खुशाल समजावें.