संमोहन आणि भानामती

सूचनेच्या प्रभावाने निर्माण होणाऱ्या एकाग्र मनोवस्थेस संमोहन म्हणतात. या अवस्थेचा अतींद्रिय शक्तीशी संबंध आहे, असा समज जुना आहे. त्याचा इतिहास मराठवाड्यातील भानामतीचा उलगडा होण्यास उपयुक्त ठरतो.

नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील धर्माबाद, बिलोली व देगलूर हे तालुके, लातूर जिल्हा आणि लगतचा तेलंगण व उत्तर कर्नाटक हा प्रदेश भानामतीवरील विश्वासाच्या पट्ट्यात मोडतो. घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे, अंगावर फुल्या उमटणे, स्त्रियांनी भान हरपून घुमणे वा कुत्र्यासारखे भुंकणे ही तिची लक्षणे मानली जातात. कोणीतरी मंत्रबळाने दुरून हे घडवितो, अशी समजूत असते.

दुरून चालणाऱ्या प्रभावाची कल्पना यूरोपातही होती. फ्रांट्स मेस्मर (१७३४–१८१५) हा वैद्य आपले उपचार ‘प्राणिचुंबकत्वा’ने होतात असे सांगे. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीत बेंजामिन फ्रँक्लिन व आंत्वान लव्हॉयझर हे होते. समितीने बागेतील एकच झाड चुंबकित करविले. परंतु ते कोणते हे ठाऊक नसलेला मुलगा भलत्याच झाडापाशी मूर्च्छित पडला. परिणाम चुंबकत्वाचा नसून कल्पनेचा, हा समितीचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मार्की द प्युइसेग्यूर याने कृत्रिम निद्राभ्रमणाची अवस्था वर्णिली. या अवस्थेतील व्यक्तीस रोगनिदान करता येते, असे दावे तेव्हापासून पुढे आले. जेम्स ब्रेड याने १८४३ मध्ये या विषयाला शारीर-मानसिक अधिष्ठान देऊन ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली. भारतात हुगळी येथे जेम्स एस्डेल याने १८४५ पासून या अवस्थेत शस्त्रक्रिया केल्या. पुढे प्येअर झाने याने १८८५-८६ मध्ये दुरून संमोहन करण्याचे प्रयोग केले. तथापि अशा प्रभावाचा सर्वमान्य व पुनःपुन्हा पडताळता येणारा पुरावा मिळालेला नाही.

या दृष्टीने भानामतीचे दोन भाग पडतात. दगड, आग व फुल्या यांमागे मानवी हात असतो. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या अनुभवानुसार तो बहुधा घरातीलच, मानसिक ताणाखालील व्यक्तीचा असतो. घुमणे व भुंकणे यांत मात्र ढोंग असेलच असे नाही. कोंडलेली व्यथा, रूढ समजुती आणि एकीचे पाहून दुसरीला होणारी सूचना यांतून ही अवस्था उद्‌भवते. सूचनावश व्यक्ती आठवण व कल्पना यांची सरमिसळ करते. मांत्रिक तिला ‘कोणी केले?’ असे विचारतो, तेव्हा तो प्रश्नच सूचना ठरतो. तिच्या तोंडून निघणारे नाव बहुधा गावाच्या मनात आधीच असलेल्या संशयिताचे असते. त्या नावाला दिव्य ज्ञान मानल्याने निरपराध व्यक्तीस मारहाण व बहिष्कार सोसावा लागतो, आणि पीडितेची मूळ व्यथा तशीच राहते.

नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर (२० ऑगस्ट २०१३) महाराष्ट्रात प्रथम वटहुकूम व त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी वा चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्यान्वये गुन्हा असून सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. कायद्याने आरोपितास संरक्षण मिळते. पीडितेस मात्र मानसोपचार व कुटुंबाची सहानुभूती यांचीच आवश्यकता असते.