पेण आणि रोहा : उन्हाळ्याच्या तुलनेचा एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
निरनिराळ्या प्रदेशांतील उन्हाळ्याची तुलना सामान्यतः कमाल तापमानाच्या आकड्यांवरून केली जाते. प्रस्तुत निबंधात रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या उन्हाळ्याचा ऐतिहासिक विचार केला असून, केवळ तापमानावर आधारलेली तुलना कोकणाच्या बाबतीत अपुरी, किंबहुना घातक ठरते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : उन्हाळा, दमटपणा, खारेपाट, मिठागर, राब, वेधशाळा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील उन्हाळ्याविषयी बोलताना विदर्भाचा उन्हाळा कडक आणि कोकणचा सौम्य, असे विधान सहजपणे केले जाते. शालेय भूगोलातही कोकणचे हवामान 'सम व दमट' आणि विदर्भाचे 'विषम व कोरडे' असे शिकविले जाते. स्थूलमानाने पाहता यात चूक नाही. मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान नागपूर येथे ४२ अंश सेल्सिअसच्या वर असते, तर अलिबागच्या किनाऱ्यावर ते ३२ ते ३३ अंशांच्या आसपास राहते. तथापि 'सम' या शब्दाचा अर्थ कालांतराने 'सुसह्य' असा घेतला गेला, आणि येथेच खऱ्या प्रश्नाला सुरुवात होते.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखलेला दिसतो. देशावर व विदर्भात ऊन 'तापते', झळा 'लागतात'. कोकणात मात्र 'उकडते'. तापणे ही बाहेरून होणारी क्रिया आहे, तर उकडणे ही वाफेत कोंडून होणारी. एका प्रदेशात माणूस उन्हाला टाळू शकतो. दुसऱ्यात सावलीत बसूनही उकाड्यापासून त्याची सुटका होत नाही. बोलीतील हा भेद शासकीय नोंदींत आणि सार्वजनिक निर्णयांत का उतरला नाही, याचा शोध पेण व रोहा यांच्या उदाहरणाने घेता येतो.

२. अभ्यासक्षेत्र

रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता. पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्री यांमधील या अरुंद पट्ट्यात पेण व रोहा ही दोन्ही तालुक्यांची गावे असून, रेल्वेमार्गाने त्यांच्यातील अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. दोन्हीकडे पावसाचे वार्षिक प्रमाण ३००० मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक आहे. दोन्ही गावे समुद्राला लागून नाहीत. परंतु खाडीच्या द्वारे समुद्राशी जोडलेली आहेत. पेणच्या जवळून भोगावती वाहते व ती धरमतरच्या खाडीस मिळते. रोहा कुंडलिकेच्या काठी वसले असून पलीकडच्या तीरावर अष्टमी आहे. कुंडलिका पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रास मिळते.

भूरचना मात्र भिन्न आहे. पेणच्या पश्चिमेस खारेपाटाचा सपाट, मोकळा प्रदेश पसरला असल्याने दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यांना वाट मोकळी मिळते. रोहा कुंडलिकेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत असून समुद्र व हे खोरे यांच्या दरम्यान टेकड्यांच्या रांगा आहेत. एकाच जिल्ह्याच्या एकाच 'सम' हवामानात अशा रीतीने दोन वेगळे उन्हाळे नांदतात.

३. नोंदींचा इतिहास

मुंबईतील कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणांचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. नौकानयन, बंदरे व खगोलशास्त्र यांच्या गरजेतून उभ्या राहिलेल्या या संस्था स्वाभाविकपणे किनाऱ्यावर होत्या. परिणामी किनाऱ्याचे तापमान हेच सबंध जिल्ह्याचे तापमान, असा समज रूढ झाला. पुढे माथेरान व भिरा येथील नोंदी उपलब्ध झाल्या. एक ठिकाण डोंगरमाथ्यावरचे, दुसरे सह्याद्रीच्या पायथ्याचे. परंतु जिल्ह्याची बहुसंख्य शेतकरी वस्ती ज्या मधल्या पट्ट्यात राहते, त्या पेण व रोहा यांची नावे दैनंदिन तापमानाच्या तक्त्यांत सहसा आढळत नाहीत.

येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. वेधशाळांत एक कोरडा व एक ओल्या कापडाने वेढलेला, अशी दोन तापमापकांची जोडी एकोणिसाव्या शतकापासून वापरात होती. हवेतील दमटपणा किती, हे त्या दोहोंतील फरकावरून कळत असे. म्हणजे उकाडा मोजण्याचे साधन होते. मात्र प्रदेशाप्रदेशांची सार्वजनिक तुलना कोरड्या तापमापकाच्या आकड्यावरूनच होत राहिली.

राज्यकर्त्यांनी स्वतःपुरता उन्हाळ्याचा अर्थ नीट ओळखला होता. मुंबई सरकारचा मुक्काम उन्हाळ्यात महाबळेश्वरला हलत असे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर गेले व त्यानंतर तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ मध्ये नेरळहून तेथे छोटी रेल्वेही पोहोचली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मात्र उन्हाळा टाळण्याची सोय नव्हती. त्यांना त्याच उन्हाळ्यात वर्षभराच्या जीविकेची तयारी करावयाची होती.

४. पेणचा उन्हाळा : मीठ, बांध आणि पाणी

पेण तालुक्याच्या खाडीकाठी मिठागरांचा व्यवसाय जुना आहे. उधाणाच्या भरतीचे पाणी साठवून, ते टप्प्याटप्प्याने आटवून वाफ्यांत मीठ धरविले जाते. हा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन पावसाच्या तोंडाशी संपतो. मिठागरातील कामगार ऊन आणि वारा या दोहोंवरून दिवसाची पारख करतो. ऊन कडक असूनही वारा पडला, हवा दमट झाली, तर पाणी आटण्याचा वेग मंदावतो. मानवी शरीरालाही हाच नियम लागू आहे. घाम येतो, परंतु तो वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. मिठागरात काम करणाऱ्यांना अनुभवाने माहीत असलेली ही गोष्ट तापमानाच्या तक्त्यात मात्र दिसत नाही.

खारेपाटात उन्हाळा हा बांधबंदिस्तीचाही काळ होय. समुद्राचे खारे पाणी भातखाचरांत शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावे लागतात. पूर्वी हे काम गावकऱ्यांच्या सामूहिक श्रमांतून होत असे. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने त्यात शासनाचा सहभाग आला. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतही मूर्ती वाळविण्यासाठी उन्हाळ्याचेच दिवस उपयोगी पडतात. अशा रीतीने पेणचे अर्थजीवन उन्हावर उभे आहे.

याच उन्हाळ्याची दुसरी बाजू तहानेची आहे. खारेपाटात जमिनीखालचे पाणीही खारट असते. वाशी, शिर्की परिसरातील गावांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी करावी लागणारी वणवण हा अनेक पिढ्यांचा अनुभव आहे. तालुक्यात भोगावतीवर हेटवणे धरण झाले. त्याचे पाणी नवी मुंबईकडेही जाते. ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हे वास्तव 'सम हवामान' या शब्दांत सामावत नाही.

५. रोह्याचा उन्हाळा : राब, वीज आणि कालवा

रोह्याच्या डोंगराळ भागात उन्हाळ्याचे प्रमुख काम राब भाजण्याचे. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते पावसापूर्वी जाळण्यात येत. त्यामुळे तण मरते व राखेचे खत मिळते. १८७८ च्या वनकायद्यानंतर टहाळ तोडण्यावर निर्बंध आले आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांत असंतोष पसरला. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राबाचा प्रश्न प्रामुख्याने आला. वैशाखात डोंगरउतारावर दिसणारा धूर हा शेतकऱ्याच्या दृष्टीने पुढील पिकाचा आरंभ होता, तर वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने जंगलाचा नाश. उन्हाळ्याच्या एकाच दृश्याचे हे दोन अर्थ होते.

रोह्याच्या उन्हाळ्यात मोठा पालट घडला तो विसाव्या शतकात. टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधून त्याचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडले आणि १९२७ मध्ये भिरा येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले. स्वाभाविकपणे पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत येऊ लागले. एरवी उन्हाळ्यात कोरडी पडणारी कोकणातील नदी वर्षभर वाहू लागली. पुढे डोलवहाल येथील बंधाऱ्यातून कालवे निघाले व रोहा-माणगाव भागात उन्हाळी भाताचे पीक शक्य झाले. धाटाव येथील औद्योगिक वसाहतही याच नदीच्या आधाराने वाढली. पेणच्या खारेपाटात तहान असताना रोह्याच्या कालव्याखालील शिवार हिरवे दिसते, याचे कारण हवामानात नसून इतिहासात आहे. मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तरीही त्यांच्या जमिनी धरणात गेल्या. रोह्याच्या हिरव्या उन्हाळ्यामागे हे विस्थापन आहे, याचा विसर पडणे योग्य नव्हे.

६. दोन अलीकडील घटना

पेण-रोह्याच्या या परिसरात व जिल्ह्यात अलीकडे घडलेल्या दोन घटना या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली घटना कुंडलिकेच्या खोऱ्याच्या शिरोभागी असलेल्या भिरा येथील. २८ मार्च २०१७ रोजी तेथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि एक लहानसे गाव देशभर चर्चेत आले. आसपासच्या ठिकाणांशी असलेल्या मोठ्या तफावतीमुळे या नोंदीविषयी शंकाही उपस्थित झाली. तो आकडा बाजूला ठेवला तरी त्यामागील सर्वसाधारण कारण विचारात घेण्याजोगे आहे. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून येणारे कोरडे वारे सह्याद्रीवरून खाली उतरताना दाबले जाऊन अधिक तापतात. त्याच वेळी खारे वारे उशिरा सुरू झाल्यास कोकणात तापमान एकाएकी चढते. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ व १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली, तीही याच महिन्यांत. विदर्भात उन्हाळ्याचा कडेलोट मे महिन्यात होतो. कोकणात उष्णतेचे धक्के त्यापूर्वीच, लोक बेसावध असताना बसतात. दोन प्रदेशांच्या उन्हाळ्यांतील फरक असा अंशांइतकाच वेळेचाही आहे.

दुसरी घटना अधिक वेदनादायक आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यातील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानात झाला. लाखोंच्या संख्येने लोक भर उन्हात बसले होते. त्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाल्याचे शासनाकडून सांगण्यात आले. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान सुमारे ३८ अंश असल्याचे प्रसिद्ध झाले होते. नागपूर वा चंद्रपूर येथे ३८ अंशांचा दिवस एप्रिलमध्ये नित्याचा समजला जातो. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत, सावलीविना, दाटीवाटीने बसलेल्या माणसांसाठी तोच आकडा प्राणघातक ठरला.

हवामान खात्याच्या निकषांनी हा भेद अंशतः मान्य केला आहे. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४०, डोंगराळ भागासाठी ३० आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश अशी वेगवेगळी मर्यादा धरली जाते. किनारपट्टीवर तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असणेही अपेक्षित असते. तरीही या मर्यादा मूलतः तापमानाच्याच आहेत. तापमान व दमटपणा यांचा एकत्रित विचार करणारा उष्णता निर्देशांक हवामान खात्याने एप्रिल २०२३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. अहमदाबाद शहराने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये स्वतःचा उष्णता कृती आराखडा तयार केला. तो त्या शहराच्या अनुभवावर आधारलेला होता, म्हणूनच अनुकरणीय ठरला. कोकणाला विदर्भाचा वा गुजरातचा आराखडा जसाच्या तसा लागू पडणार नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) कोकणचा उन्हाळा सौम्य आहे हा समज मुख्यतः किनाऱ्यावरील तापमानाच्या नोंदींतून दृढ झाला. अंतर्भागातील पेण व रोहा यांसारख्या ठिकाणांचा अनुभव त्यात पुरेसा आला नाही.

(२) उन्हाळ्याची तुलना करताना तापमान, दमटपणा, वारा व पाण्याची उपलब्धता या चारही घटकांचा विचार आवश्यक आहे. पेण व रोहा एकमेकांच्या निकट असूनही शेवटच्या दोन घटकांमुळे त्यांचे उन्हाळे भिन्न ठरतात.

(३) पाण्याच्या बाबतीतील भिन्नता निसर्गदत्त नसून धरणे, कालवे व पाणीवाटपाच्या निर्णयांतून घडलेली आहे. जे निर्णयांनी घडले, ते निर्णयांनी बदलताही येते.

(४) सार्वजनिक समारंभ, शाळांच्या वेळा, मिठागरे, बांधकामे व औद्योगिक वसाहतींतील कामाचे तास ठरविताना कोकणात केवळ कमाल तापमान पाहणे पुरेसे नाही. तालुका पातळीवर दमटपणाच्या नोंदी होणे व त्या लोकांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

'उकडते आहे' असे कोकणातील मनुष्य म्हणतो, तेव्हा तो तक्रार करीत नसून हवामानाची एक अचूक नोंद करीत असतो. त्या नोंदीला शासकीय तक्त्यात स्थान मिळाले, तर खारघरसारख्या घटना टाळण्याच्या दिशेने ते एक महत्त्वाचे पाऊल ठरेल.