पोटनिवडणुकीचे भविष्य

इंग्लंडात कॉमन्स सभेचा एखादा सभासद वारला किंवा त्याने जागा सोडली, की त्या एका मतदारसंघापुरती पोटनिवडणूक होते. साडेसहाशे जागांतील ती एक जागा. तिच्यामुळे सरकार सहसा पडत नाही. तरीही मतदानाच्या आधी महिनाभर तेथील वृत्तपत्रे कोणता पक्ष किती मते घेईल याची गणिते मांडीत बसतात. आणि निकाल लागला रे लागला, की तोच आकडा साऱ्या देशाला लावून पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीचे पंचांग छापून मोकळी होतात. १ मे २०२५ रोजी वायव्य इंग्लंडातील रनकॉर्न आणि हेल्सबी या मतदारसंघात असेच झाले. दहा महिन्यांपूर्वी मजूर पक्षाने ही जागा १४,६९६ मतांच्या आघाडीने जिंकली होती. पोटनिवडणुकीत रिफॉर्म पक्षाने ती अवघ्या ६ मतांनी घेतली. १२,६४५ विरुद्ध १२,६३९. एखाद्या मोठ्या कुटुंबाने त्या दिवशी पाय उचलले असते तर निकाल फिरला असता. निम्म्याहून अधिक मतदार तर घराबाहेरच पडले नव्हते.

अशा आकड्यांवरून भविष्य सांगता येते काय, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ वर्षे भेडसावीत आला आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कपाटातील पुस्तकांत फार. त्यामुळे इंग्लंडच्या मजूर चळवळीचा इतिहास आम्ही घरच्या इतिहासासारखा वाचला. त्या चळवळीची पार्लमेंटातील पहिली धडक पोटनिवडणुकीतच होती, आणि ती पराभवाची होती. २७ एप्रिल १८८८ रोजी स्कॉटलंडातील मिड लॅनार्क येथे खाणकामगारांचा पुढारी कीर हार्डी स्वतंत्र मजूर उमेदवार म्हणून उभा राहिला आणि त्याला ६१७ मते पडली. जिंकलेल्या उदारमतवादी उमेदवाराला ३,८४७ मते होती. त्या दिवशी जो कोणी आकडे पाहून भविष्य सांगता, त्याने मजुरांच्या पक्षाचे तेरावे घातले असते. पण त्याच वर्षी ऑगस्टात स्कॉटिश मजूर पक्ष स्थापन झाला.

भविष्य चुकण्याचे साधे कारण असे, की पोटनिवडणुकीत मत स्वस्त असते. सार्वत्रिक निवडणुकीत मतदार राज्यकर्ता निवडतो. येथे त्याला ठाऊक असते की उद्या सकाळी तेच पंतप्रधान त्याच घरात चहा पिणार आहेत. म्हणून तो सरकारचा कान धरून घेतो, शेजाऱ्याला चकित करतो, किंवा घरीच बसतो. संपाच्या ठरावाला सभेत वर होणारे हात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला फाटकाबाहेर थांबणारी माणसे यांतील अंतर ज्याने मोजले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या धंद्यात हातांवरून संपाचे भविष्य सांगणारा मनुष्य फार दिवस टिकत नाही.

उदाहरणे किती द्यावीत! मार्च १९६२ मध्ये लंडनजवळच्या ऑर्पिंग्टनला हुजूर पक्षाची १४,७६० मतांची आघाडी पुसून उदारमतवादी एरिक लबक ७,८५५ मतांनी निवडून आले. उदारमतवाद्यांचे युग परत आले, अशी हाकाटी झाली. १९६४ साली त्या पक्षाला एकंदर ९ जागा मिळाल्या. १९८१ साली क्रॉस्बीला शर्ली विल्यम्स सोशल डेमोक्रॅटिक पक्षातर्फे जिंकल्या, तेव्हा जुने दोन्ही पक्ष मोडीत निघाल्याचे सांगण्यात आले. १९८३ साली विल्यम्सबाईंची स्वतःचीच जागा गेली. उलट, नीट वाचणारेही असतात. जानेवारी १९६६ मध्ये हल नॉर्थची आघाडी १,१८१ वरून ५,३५१ वर गेलेली पाहताच हॅरल्ड विल्सन यांनी मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणूक घेतली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बहुमत शंभराच्या घरात नेले. त्या प्रचारात बार्बरा कॅसलबाईंनी हंबर नदीवर पूल बांधण्याचे वचन देऊन टाकले होते. पूल १९८१ साली वाहतुकीला खुला झाला. हे येथे सांगण्याचे कारण इतकेच, की आमच्याकडील पुलांना हसणाऱ्यांनी जरा दम धरावा.

परंतु ज्या पोटनिवडणुकीच्या वाचनाने एका राष्ट्राच्या संरक्षणावर वाद माजला, ती फुलहॅम ईस्टची. लंडनच्या नैर्ऋत्येस दाटीच्या, भाड्याच्या घरांची ही वस्ती. १९३१ साली येथे हुजूर पक्षाला २३,४३८ आणि मजूर पक्षाला ८,९१७ मते होती. दोनच वर्षांनी, २५ ऑक्टोबर १९३३ रोजी, मजूर पक्षाचे जॉन विल्मट १७,७९० मते घेऊन निवडून आले; हुजूर पक्षाचे वॉल्ड्रन १२,९५० वर राहिले. त्याआधी अकराच दिवस, १४ ऑक्टोबरला, हिटलरच्या जर्मनीने निःशस्त्रीकरण परिषद आणि राष्ट्रसंघ सोडत असल्याचे जाहीर केले होते. वॉल्ड्रन यांनी लष्कर, आरमार आणि विमानदल बळकट करण्याची भाषा केली. विल्मट यांनी शांततेची. एवढ्यावरून निष्कर्ष निघाला की इंग्रज मतदाराला शस्त्रे नकोत.

हा निष्कर्ष सर्वांत घट्ट धरून बसले ते स्टॅन्ली बाल्डविन. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, पंतप्रधान असताना, त्यांनी कॉमन्स सभेत फुलहॅमचे नाव घेऊन सांगितले की ती जागा केवळ शांततावादाच्या प्रश्नावर सुमारे सात हजार मतांनी गेली. अशा काळात आपण शस्त्रसज्जतेची मागणी घेऊन मतदारांकडे गेलो असतो, तर पराभव ठरलेलाच होता. खरा फरक ४,८४० मतांचा होता. ज्या आकड्यावर एवढी मोठी इमारत उभारायची, तो आकडासुद्धा तपासून घेण्याची तसदी बाल्डविनसाहेबांनी घेतली नाही! चर्चिल यांनी पुढे आपल्या युद्धेतिहासात, पक्षाला देशापुढे ठेवल्याची कबुली, म्हणून या भाषणाची नोंद केली.

आता फुलहॅमच्या घराघरांत काय बोलले जात होते ते पाहा. १९३१ साली सरकारने बेकारभत्ता दहा टक्क्यांनी कापला आणि मीन्स टेस्ट नावाची चौकशी सुरू केली. बेकाराच्या विम्याची मुदत संपली, की अधिकारी घरी येई. मुलगा काय कमावतो, मुलगी काय आणते, म्हाताऱ्याला निवृत्तिवेतन किती, पेढीत शिल्लक किती, घरात विकण्याजोगे सामान कोणते, हे सारे विचारून तेवढा भत्ता कमी केला जाई. कमावता मुलगा बापाच्या भत्त्याला नडतो म्हणून वेगळी खोली पाहू लागला, अशी घरे इंग्लंडभर झाली. बेकारी सोसता येते. परक्या माणसाने आपल्या चुलीपाशी उभे राहून भांडी मोजलेली सोसत नाहीत. विल्मट शांततेबद्दल बोलले हे खरे. पण घरे, घरभाडे आणि ही झडती यांबद्दलही ते बोलले. ‘पोटनिवडणूक’ या आमच्या शब्दातील पोट म्हणजे उपविभाग, हे आम्ही जाणतो. फुलहॅमची निवडणूक मात्र शब्दशः पोटाची होती.

आणि हे आमच्यासारख्या युनियनवाल्याचे मत म्हणून कोणी बाजूला सारू नये. त्या वेळचे अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन, म्हणजे ज्यांच्या खात्याच्या काटकसरीतून ही झडती चालली होती ते गृहस्थ, यांनीच खाजगी पत्रात लिहिले आहे की फुलहॅममध्ये खरा हल्ला मीन्स टेस्टवर होता. शिवाय त्या हंगामातील इतर पोटनिवडणुकांतही सरकारची मते अशीच घसरली. तेथे वॉल्ड्रन नव्हते आणि शस्त्रांचा वादही तितका नव्हता. १९३१ चा आकडाच मुळात फुगलेला होता. आर्थिक संकटाला घाबरून जे उदारमतवादी राष्ट्रीय सरकारच्या झेंड्याखाली गेले होते, त्यांतील पुष्कळजण १९३३ साली तो झेंडा सोडून निघाले. शांततेची इच्छा त्या मतांत मुळीच नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. १९१८ नंतर पंधराच वर्षे लोटली होती, आणि घरोघरी भिंतीवर कोणाचा तरी फोटो होता. तसेच फुलहॅममुळेच इंग्लंड निःशस्त्र राहिले म्हणणेही अतिरेकाचे. जुलै १९३४ मध्ये विमानदल वाढविण्याची योजना जाहीर झालीच होती. पण दारिद्र्याचा राग घेऊन लोक पेटीपाशी आले, आणि राज्यकर्त्याने त्यातून आपल्या सोयीचे उत्तर ऐकले, हे मात्र घडले. १९३५ साली हुजूर पक्षाने फुलहॅम ईस्ट परत घेतले.

एका निकालाचा असा डोंगर केला गेला. दहा वर्षांच्या आत निकालांच्या रांगेची राई केली गेली. दुसरे महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, तिन्ही मोठ्या पक्षांनी तह केला की जागा रिकामी झाल्यास ती ज्या पक्षाची होती त्यानेच उमेदवार द्यावा, इतरांनी विरोध करू नये. म्हणजे हुजूर पक्षाच्या जागेवर मजूर पक्षाचे मत देण्याची वाटच बंद! मतदारयादीही १९३९ चीच राहिली. बॉम्बने घरे गेलेली, सैन्यात गेलेली आणि दरम्यान एकविसावे वर्ष पुरे केलेली माणसे कित्येक वर्षे तिच्याबाहेर होती. तरीसुद्धा मार्च १९४२ मध्ये ग्रँथम येथे शस्त्रकारखान्याचा व्यवस्थापक डेनिस केंडल हा अपक्ष ३६७ मतांनी सरकारी उमेदवाराला हरवून आला. २९ एप्रिलला एकाच दिवशी वॉलसी आणि रग्बी या दोन जागा अपक्षांनी घेतल्या. रग्बीचे डब्ल्यू. जे. ब्राउन हे सरकारी कारकुनांच्या युनियनचे सरचिटणीस, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. जूनमध्ये टोब्रुक पडल्यावर चारच दिवसांनी मॉल्डनला पत्रकार टॉम ड्रायबर्ग निवडून आले.

वृत्तपत्रांनी प्रत्येक निकालाला वेगळे औषध दिले. ग्रँथमला कारखान्याचे वजन, मॉल्डनला टोब्रुकचा संताप. ठीक, पराभवांचा राग असेल तर विजयांनी तो शमायला हवा. नोव्हेंबर १९४२ मध्ये अलामीनचा विजय झाला, पुढे युद्धाचे पारडे फिरले. पण पोटनिवडणुकांतील पारडे फिरले नाही. कारण मध्यंतरी, डिसेंबर १९४२ मध्ये, बेव्हरिज अहवाल आला होता. आजार, बेकारी, म्हातारपण आणि जन्म-मरणाचा खर्च यांसाठी एकाच विम्याची ती योजना. आणि तिच्यात भांडी मोजण्याची गरज नव्हती. फेब्रुवारी १९४३ च्या चर्चेत सरकारने टाळाटाळ केली, ती लोकांनी पाहिली. तहाला न मानणारा रिचर्ड ॲक्लंड यांचा नवा कॉमनवेल्थ पक्ष एप्रिल १९४३ मध्ये एडिसबरी आणि जानेवारी १९४४ मध्ये स्किप्टन जिंकून गेला.

फेब्रुवारी १९४४ मधली वेस्ट डर्बीशायरची लढत तर कादंबरीत शोभावी अशी आहे. ही जागा म्हणजे डेव्हनशायरच्या ड्यूकांच्या कॅव्हेंडिश घराण्याचे जणू वतन. उमेदवार खुद्द ड्यूकचा वारस, लष्करातला तरुण अधिकारी लॉर्ड हार्टिंग्टन. समोर चार्ली व्हाइट; यांचे वडील बूट शिवीत, आणि त्या बूट शिवणाऱ्यानेच १९१८ साली ही जागा एकदा घराण्याकडून हिसकावली होती. तहामुळे व्हाइट मजूर पक्षाबाहेर पडून उभे राहिले. चर्चिल यांनी कॅव्हेंडिशांच्या सेवेचा गौरव करणारे पत्र प्रसिद्ध केले. व्हाइट यांना १६,३३६, हार्टिंग्टन यांना ११,७७५. तो तरुण परत आघाडीवर गेला आणि सप्टेंबरात बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्याविषयी वाईट बोलावे असे आमच्या मनात नाही. पण निकालाचे स्पष्टीकरण पुन्हा तेच झाले: तेथले ड्यूकचे प्रकरण निराळे. एप्रिल १९४५ मध्ये, जर्मनी कोसळत असताना, चेम्सफर्डला कॉमनवेल्थ पक्षाचे अर्नेस्ट मिलिंग्टन सहा हजारांवर मतांनी जिंकले, तेव्हाही कोणी हिशेब एकत्र मांडला नाही.

चर्चिल लोकप्रिय आहेत, सबब त्यांचा पक्ष जिंकणार, असे सर्वांनी धरून ठेवले होते. गॅलपची चाचणी मजूर पक्ष पुढे असल्याचे सांगत होती, तिच्याकडे छापणाऱ्यांनीही फारसे लक्ष दिले नाही. खुद्द ॲटलींना एवढ्या यशाची अपेक्षा नव्हती. मतदान ५ जुलैला झाले. सैनिकांची मते जगभरातून यायची म्हणून मोजणी २६ जुलै १९४५ ला ठेवली. मजूर पक्षाच्या ३९३ जागा आल्या. फुलहॅमचे जॉन विल्मट मंत्री झाले. आणि बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुकमध्ये भारतमंत्री लिओ ॲमेरी, ज्यांच्या कारकिर्दीत १९४२ ची धरपकड झाली आणि जे १९११ साली एका बिनविरोध पोटनिवडणुकीतूनच पार्लमेंटात शिरले होते, ते पडले. त्यांच्याविरुद्ध बंगाली बापाचे कम्युनिस्ट चिरंजीव रजनी पाम दत्तही उभे होते. दत्तांना दोन हजारही मते पडली नाहीत; ॲमेरींना पाडले ते मजूर पक्षाच्या पर्सी शर्मर या स्थानिक नगरसेवकाने.