विषाणुभार-निरीक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणोत्तर

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तात ठरावीक विषाणू किती आहेत, हे ठरलेल्या अंतराने मोजून त्यानुसार औषधे कमी-जास्त करण्याची पद्धत. नव्या मूत्रपिंडावर शरीराने हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. लहानपणापासून शरीरात निपचित पडलेले विषाणू या काळात डोके वर काढतात. ताप आल्यावर किंवा मूत्रपिंडाचे काम बिघडून रक्तातील क्रिएटिनिन वाढल्यावर त्यांचा पत्ता लागतो तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. रक्तात मात्र ते त्याच्या काही आठवडे आधीच सापडू शकतात. निरीक्षणाचा सारा उपयोग या मधल्या आठवड्यांत आहे.

निरीक्षणात दोन विषाणू सर्वांत महत्त्वाचे. पहिला सायटोमेगॅलो, म्हणजे सीएमव्ही. भारतातील बहुतेक प्रौढांना त्याचा संसर्ग आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे दाता आणि रुग्ण दोघांच्याही शरीरात तो असणे हे इथले नेहमीचे चित्र आहे. तो जागा झाला की ताप येतो, पांढऱ्या पेशी घटतात, जुलाब होतात. यावर दोन मार्ग आहेत. एक, पहिले तीन ते सहा महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या सरसकट देणे. दुसरा, पहिले तीन महिने दर आठवड्याला रक्तातील विषाणू मोजणारी पीसीआर चाचणी करून भार वाढताना दिसला तरच औषध सुरू करणे. दुसऱ्या मार्गाने औषध आणि त्याचे दुष्परिणाम वाचतात, पण ज्याला दर आठवड्याला रक्त देता येणार नाही त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे. अशा रुग्णाला गोळ्या देणेच योग्य. गोळ्या थांबल्यानंतरच्या महिन्यांत विषाणू उशिराने उफाळू शकतो, हेही रुग्णाला आधीच सांगून ठेवावे लागते.

दुसरा बीके विषाणू. लंडनमधील एका प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या लघवीत तो सापडला आणि त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. हा शोध 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. बीके ताप आणत नाही, दुखत नाही. तो आधी लघवीत, मग रक्तात वाढतो आणि शेवटी मूत्रपिंडाच्या ऊतींचा नाश करतो. त्याच्यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बेताने कमी करणे हाच उपचार. इथे मोठी अडचण आहे. क्रिएटिनिन वाढण्याचे कारण शरीराने मूत्रपिंड नाकारणे हे असेल तर औषधे वाढवावी लागतात. बीके असेल तर कमी करावी लागतात. उलट उपचार झाला तर मूत्रपिंड जाऊ शकते. म्हणून नऊ महिन्यांपर्यंत दरमहा, त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तातील बीके तपासावा, अशी आजची शिफारस आहे. मिलिलिटरला 1,000 प्रतींहून अधिक भार टिकून राहिला किंवा तो एकदम 10,000 च्या वर गेला, तर औषधे कमी करण्याचा विचार सुरू होतो. शंका राहिली तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासतात.

रिपोर्टवरचा आकडा वाचताना सर्वाधिक गफलत होते. एकाच रुग्णाचा भार दोन प्रयोगशाळांत वेगळा येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये सीएमव्हीसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवले, त्याआधी हा फरक शंभर पटींहूनही अधिक असे. आज तो कमी झाला असला तरी संपलेला नाही. संपूर्ण रक्तातील आकडा आणि पेशी वगळलेल्या द्रवातील, म्हणजे प्लाझ्मातील आकडा यांची तुलना करता येत नाही. भार 2,000 वरून 3,500 झाला म्हणजे आजार बळावला असे नव्हे. साधारण तिपटीहून कमी बदल यंत्राच्या चढउतारातही बसतो. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा त्याच प्रयोगशाळेतील, त्याच प्रकारच्या नमुन्यावरील आकड्यांची रांग मोलाची. जुने सगळे रिपोर्ट एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून नेणारा रुग्ण डॉक्टरांचे अर्धे काम करून देतो.

हे निरीक्षण प्रत्यक्षात कसे चालते, याचे उदाहरण म्हणून विदर्भातील भंडारा जिल्हा घेता येईल. तेथील रुग्णांचे प्रत्यारोपण आणि पुढील देखरेख मुख्यतः नागपुरात होते. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात 2016 पासून मूत्रपिंड प्रत्यारोपणे होत आहेत, आणि विदर्भातील अवयववाटपाचे काम तेथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. शस्त्रक्रिया एकदाच होते. निरीक्षण दोन वर्षे चालते आणि खासगी प्रयोगशाळेत प्रत्येक पीसीआरला काही हजार रुपये लागतात. भंडारा शहर नागपूरपासून साठेक किलोमीटरवर असले तरी साकोली, लाखांदूरकडून हे अंतर शंभरच्या घरात जाते. टॅक्रोलिमसची पातळी मोजायची तर रक्त सकाळच्या गोळीआधी द्यावे लागते, म्हणून रुग्ण गोळी खिशात ठेवून पहिल्या गाडीने निघतो. पीसीआरला वेळेचे असे बंधन नसते, तेव्हा दोन्ही नमुने एकाच खेपेत घेणे सोयीचे. नमुना तालुक्याला घेऊन पाठवायचा असेल तर प्लाझ्मा वेळेत वेगळा करून थंड ठेवला गेला पाहिजे. विदर्भातल्या मे महिन्यात ही साधी बाब राहत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस जिल्ह्यातून वाहणाऱ्या वैनगंगेला महापूर आला होता. तशा दिवसांत तपासणीची तारीख चुकली तर रस्ता मोकळा होताच ती करून घ्यावी, पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

स्थानिक डॉक्टरांची जबाबदारी इथे फार मोठी आहे. पावसाळ्यानंतर ताप आणि घटलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या की डेंग्यू आठवतो, आणि तो असूही शकतो. पण प्रत्यारोपण झालेल्या माणसात सीएमव्हीची तपासणी त्याच दिवशी पाठवायला हवी. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांसारखी औषधे टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. मग प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त दबते आणि विषाणूंना मोकळे रान मिळते. नागपूरच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय अशी औषधे देऊ नयेत. भारतात जिवंत दाता बहुधा आई किंवा पत्नी असते. तिने दिलेला अवयव एका न विचारलेल्या प्रश्नापायी गमावला जावा, हे सहन होण्यासारखे नाही.

अन्य विषाणूंपैकी हिपॅटायटिस बी आणि सी यांचा संसर्ग डायलिसिसच्या काळातच झालेला असू शकतो, म्हणून ते प्रत्यारोपणाआधी तपासतात. एपस्टीन-बार विषाणूचा संबंध लसिका पेशींच्या कर्करोगाशी आहे. पार्व्होविषाणूमुळे रक्तक्षय होतो. सिकलसेलचे रुग्ण बरेच असलेल्या पूर्व विदर्भात रक्तक्षयाची इतर कारणे आधी सुचतात आणि हे कारण नजरेतून सुटू शकते. जपानमध्ये 1997 मध्ये सापडलेल्या टॉर्क टेनो विषाणूचा उपयोग वेगळाच आहे. त्याने कोणता आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. प्रतिकारशक्ती जितकी दबलेली तितका त्याचा भार जास्त, त्यामुळे औषधांची मात्रा ठरवण्यासाठी त्याचे मापन वापरता येईल का, यावर युरोपात चाचण्या झाल्या आहेत.