मुलींना मज्जाव असलेली शाळा

मी शाळेत शिकवत असताना दरवर्षी पाचवीची पोरं घेऊन नवोदयच्या परीक्षेला तालुक्याला जायचे. पोरं आत पेपर सोडवायची आणि आया बाहेर झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसायच्या. घास काही कुणाच्या घशाखाली उतरायचा नाही. जागा मोजक्या आणि मुलं हजारो. पण नवोदयमध्ये एक तृतीयांश जागा मुलींच्या आणि पाऊणशे टक्के जागा खेड्यातल्या मुलांच्या, हे नियमातच लिहिलेलं आहे. म्हणजे निदान दार तरी आपल्यासाठी उघडं होतं. आज मी सांगणार आहे ते अशा एका सरकारी शाळेबद्दल, जिचं दार मुलींना 65 वर्षं बंद होतं. ही शाळा अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात आहे.

तिचं नाव स्टायव्हेसंट हायस्कूल. 1904 साली ती सुरू झाली तेव्हा मुलांना हातकाम शिकवणारी शाळा होती. पुढे गणित आणि विज्ञानासाठी तिचं नाव झालं. गर्दी वाढली तशी 1930च्या दशकात प्रवेश परीक्षा आली. फी नाही, शाळा सरकारी. कपडे शिवणाऱ्याचा, हातगाडीवाल्याचा मुलगासुद्धा पेपर चांगला गेला की आत जायचा. परदेशातून पोटासाठी आलेल्या कितीतरी गरीब घरांनी या शाळेच्या जोरावर एका पिढीत दिवस बदलले. पण मुलगाच हवा. मुलीला परीक्षेला बसूच देत नसत.

त्याच शहरात ब्रॉंक्स भागात 1938 साली विज्ञानाची दुसरी शाळा निघाली. तिने 1946 पासून मुलींना घेतलं. ब्रुकलिनमधली तिसरी शाळा, ब्रुकलिन टेक, ती मात्र स्टायव्हेसंटसारखीच मुलांची. आता न्यूयॉर्कचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ब्रॉंक्स शहराच्या उत्तर टोकाला, ब्रुकलिन दक्षिणेला. ब्रुकलिनच्या मुलीने रोज तिकडे जायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. शाळा लांब असली की मुलीचं शिक्षण कसं अडतं, हे तुम्हांला मी काय सांगावं?

अशा ब्रुकलिनमध्ये अ‍ॅलिस डि रिव्हेरा नावाची 13 वर्षांची मुलगी राहत होती. गणितात हुशार. तिने स्टायव्हेसंटला अर्ज केला, तो नाकारला गेला. कारण एकच, ती मुलगी. जानेवारी 1969 मध्ये तिच्या वतीने कोर्टात दावा लागला. वकीलही बाईच, एलिनॉर जॅक्सन पील. म्हणणं अगदी साधं होतं: शाळा सगळ्यांच्या कराच्या पैशावर चालते, मुलींच्या आईबापांनीही कर भरलाय, मग मुलींना परीक्षेलाही बसू न देणं कोणत्या न्यायात बसतं?

प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. शहराच्या शिक्षण मंडळाला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डझनभराहून थोड्या जास्त मुली हजारो मुलांच्या त्या शाळेत शिरल्या. पुढच्याच वर्षी ब्रुकलिन टेकनेही मुलींना घेतलं.

अ‍ॅलिस मात्र त्या पहिल्या मुलींत नव्हती. तिच्या घरच्यांनी न्यूयॉर्क शहर सोडलं आणि ज्या शाळेसाठी ती भांडली, तिथे ती एक दिवसही शिकली नाही. मोठी होऊन ती डॉक्टर झाली. 2013 साली शाळेने तिला बोलावून मानाचं प्रमाणपत्र दिलं. खूप उशिरा दिलं, असं मला तरी वाटतं.

मुलींचा प्रश्न सुटला, पण भांडण संपलं नाही. दोनच वर्षांत तक्रार आली की ही परीक्षा काळ्या आणि पोर्टोरिकन मुलांवर अन्याय करते. परीक्षा बदलण्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा जुने विद्यार्थी आणि पालक घाबरले, शाळेचा दर्जा जाईल म्हणाले. 1971 साली हेक्ट आणि कॅलँड्रा या दोन आमदारांनी राज्याचा कायदाच करून घेतला: या तिन्ही शाळांत प्रवेश फक्त परीक्षेवर. वर्गातले मार्क नाहीत, शिक्षकाची शिफारस नाही, मुलाखत नाही. थोडक्यात हुकलेल्या गरीब मुलांसाठी उन्हाळ्यात जादा अभ्यास करून आत येण्याची एक छोटी वाट तेवढी ठेवली.

त्या कायद्याला पन्नास वर्षं उलटून गेली. अशा लेखी परीक्षेच्या शाळा आता आठ आहेत. आठवीतलं मूल शरद ऋतूत तीन तासांचा पेपर देतं, अर्ध्यात भाषा, अर्ध्यात गणित. आधी आवडीच्या शाळा क्रमाने लिहून द्यायच्या. मग गुणांची एकच यादी लागते आणि वरून खाली जागा भरत येतात. वशिला चालत नाही, हे मला पटतं. पण आठ वर्षं वर्गात नीट शिकलेल्या पोरीला त्या सकाळी ताप आला तर? आणि शिकवणीला पैसे नसतील तर?

2019 साली स्टायव्हेसंटने 895 मुलांना प्रवेश देऊ केला. त्यांत काळी मुलं किती? 7. शहराच्या सरकारी शाळांत काळी आणि लॅटिनो मुलं मिळून जवळपास दोन तृतीयांश आहेत. आदल्या वर्षीच तिथल्या महापौरांनी परीक्षा बंद करून प्रत्येक शाळेतली वरची मुलं घ्यावीत असं सुचवलं होतं. विरोधाला उभे राहिले ते चिनी, बांगलादेशी, भारतीय आईबाप. त्यांतले कित्येक हॉटेलात भांडी घासणारे, टॅक्सी चालवणारे. दोन घास कमी खाऊन त्यांनी शिकवणीचे पैसे भरले होते. आमच्याकडे ओळख नाही, इंग्रजी नाही, एक परीक्षाच आहे, तीही काढून घेऊ नका, असं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव पास झाला नाही.

कुणाची बाजू घ्यावी, मला अजून ठरवता आलेलं नाही. काळ्या मुलीची आई बरोबर वाटते आणि भांडी घासणारी चिनी आईही बरोबर वाटते. कायदा तोच चालू आहे. दर शरदात शहरातली हजारो आठवीची मुलं पेपरला बसतात, वसंतात निकाल लागतो, आणि तोवर घरोघरी आया दिवस मोजत असतात.