शब्दवेध : संपर्क

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी 25 फुटांची धोक्याची खूण मागे टाकून 35 फुटांच्याही वर चढले. बडोद्याच्या अनेक भागांत वीज गेली. चार्जिंग संपलेल्या फोनवरच्या माणसाचा ‘संपर्क तुटला’, असे आपण अशा वेळी म्हणतो. जणू संपर्क म्हणजे एखादी तारच!

मुळात त्यात तार नाही. संस्कृतातल्या ‘पृच्’ धातूचा अर्थ मिसळणे, जोडले जाणे. त्याला ‘सम्’ उपसर्ग लागून ‘संपर्क’ झाला. म्हणजे एकमेकांत मिसळणे, स्पर्श. लग्नात नवरदेवाला देतात तो दही-मधाचा ‘मधुपर्क’ याच धातूचा. शाळेत शिकलेले ‘संपृक्त द्रावण’सुद्धा त्याचेच भावंड, फक्त प्रयोगशाळेत गेलेले.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (1909) या विज्ञानकथेत माणसे जमिनीखाली, आपापल्या कोठडीत एकटी राहतात. यंत्रावरून त्यांचे बोलणे अखंड चालू असते, पण एकमेकांना हात लावण्याची चालच उरलेली नाही. शेवटी यंत्र थांबते आणि सगळे हवालदिल होतात. माझ्या मते त्यांचा संपर्क यंत्र बिघडण्याच्या कितीतरी आधी संपला होता. बंद पडले ते केवळ दळणवळण. आपण हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो.